प्रवेशाचा अर्ज कोणीं भरावा?

दरवर्षीं वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारास आपल्या सुशिक्षित घरांतून एक वाक्य हटकून ऐकूं येतें : "आम्ही यंदा अकरावीचा अर्ज भरीत आहोंत." बोलणारे गृहस्थ पन्नाशीच्या घरांतले असतात, आणि अकरावींत जावयाचें असतें तें त्यांच्या चिरंजीवांना. या वाक्यांतील 'आम्ही' हा शब्द जरा तपासून पाहण्यासारखा आहे. त्यांत मुलगा कितीसा असतो? पुष्कळ घरांत तो मुळींच नसतो. वडील यादी करीत असतात आणि तो शेजारच्या खोलींत निकालाची वाट पाहत बसलेला असतो. कांहीं घरांत याच्या उलट प्रकार दिसतो. तेथील आईबापांनीं बालमानसशास्त्रावरचीं चार पुस्तकें वाचलेलीं असतात, आणि "हा सर्वस्वीं त्याचा निर्णय आहे, आम्ही ढवळाढवळ करीत नाहीं" असें म्हणून ते मोकळे होतात. पहिले स्वतःला कर्तव्यदक्ष म्हणवितात, दुसरे उदारमतवादी. माझ्या मतें दोघेही आपापलें काम चुकवितात. आणि त्या चुकीची किंमत भरावी लागते ती मुलाला.

माझें म्हणणें आरंभींच स्पष्ट करतों. महाविद्यालयाचा अर्ज मुलानें व आईबापांनीं एकत्र बसून भरावा; पण एकत्र बसणें म्हणजे सर्वांनीं सर्व कांहीं करणें नव्हे. कोणता विषय घ्यावा आणि कोणत्या महाविद्यालयाचें नांव पहिल्या ओळींत घालावें, हें ठरविण्याचा अधिकार मुलाचा. घरांत पैसा किती आहे, कर्ज किती आहे, कोणत्या महिन्यांत किती देतां येईल, हें सांगण्याचें कर्तव्य आईबापांचें. दाखले, नकला, सह्या आणि हेलपाटे हें काम दोघांचें. या वांटणींत बाप मुलाचा अधिकार बळकावतो तेव्हां एक अनर्थ होतो. आणि तो स्वतःचें कर्तव्य टाळतो तेव्हां दुसरा.

कोणी म्हणेल, एका अर्जासाठीं एवढा ऊहापोह कशाला? ज्यांना अर्ज म्हणजे अजून खिडकींतून आंत सारावयाचा एक कागद वाटतो, त्यांनीं आजचा अर्ज एकदां डोळ्यांखालून घालावा. २०२५ सालीं अकरावीची केंद्रीय प्रवेशपद्धति साऱ्या महाराष्ट्राला लागू झाली. त्यापूर्वीं ती मुंबई, पुणें, नाशिक, नागपूर, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरती होती. त्या वर्षीं २१ मे रोजीं सुरू व्हावयाची नोंदणी संकेतस्थळाच्या बिघाडामुळें थांबली आणि २६ मेपासून पुन्हां चालूं झाली. ते पांच दिवस खेड्यापाड्यांतील पालकांनीं कसे काढले असतील याची कल्पना करणें कठीण नाहीं. परंतु बिघाड दुरुस्त होतात. नियम मात्र राहतात. त्या नियमांप्रमाणें विद्यार्थ्यानें एकापासून दहापर्यंत महाविद्यालयें पसंतीच्या क्रमानें लिहावयाचीं. आणि पहिल्या क्रमांकावर लिहिलेलें महाविद्यालय मिळालें तर तेथें प्रवेश घेणें त्याच्यावर बंधनकारक. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांची दारें त्याला बंद. अभियांत्रिकीच्या प्रवेशांत तर या ओळींची संख्या शेकड्यांत जाते. म्हणजे अर्जाचें सारें मर्म क्रमांत आहे. पहिली ओळ पहिली कां, हें ज्याला ठाऊक नाहीं तो मुलगा न वाचलेल्या करारावर सही करीत असतो.

याच्या जोडीला कागदपत्रें. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर. यांतला एक कागद वेळेवर हातीं आला नाहीं तर राखीव जागेचा हक्कदार मुलगा खुल्या यादींत जाऊन पडतो, आणि वर्षभराचा अभ्यास तहसीलच्या एका टेबलावर अडकून राहतो.

आतां हा अर्ज घेऊन शहरांतून खेड्यांत जाऊं. धर्मापुरी हें बीड जिल्ह्यांतील, परळी-अंबाजोगाईच्या टापूंतलें गांव. तेथील चालुक्यकालीन केदारेश्वराच्या मंदिरामुळें शिल्पाच्या अभ्यासकांना त्याचें नांव ठाऊक असतें. पण बीड जिल्हा उर्वरित महाराष्ट्राला परिचित आहे तो ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून. दसरा-दिवाळी झाली, मुकादमाकडून उचल घेतली, कीं नवराबायकोचा 'कोयता' टोळीबरोबर निघतो तो कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा थेट कर्नाटकांतील कारखान्याच्या रानांत. पट्टा पडून परत यावयाचें तें फाल्गुन-चैत्रांत. या पंचांगाशेजारीं प्रवेशपरीक्षांचें पंचांग ठेवून पाहावें. वैद्यकीच्या 'नीट'ची आणि राज्याच्या सीईटीची नोंदणी सामान्यतः जानेवारी ते मार्च या महिन्यांत होते. म्हणजे अर्ज भरण्याच्या वेळीं मुलगा गांवांत आजीपाशीं किंवा वसतिगृहांत, आणि आईबाप शेकडों मैलांवर पालांत. अर्जांत फोनचा क्रमांक घालावा लागतो. तो बापाचा असतो. त्या क्रमांकावर सहा आंकडे येतात, आणि ते कांहीं मिनिटांतच सांगावे लागतात. बापाच्या डोक्यावर त्या वेळीं उसाची मोळी असते. ती गाडींत टाकून, हात पुसून तो ते आंकडे वाचून दाखवितो. मुलाच्या उच्च शिक्षणांत त्या बापाचा सहभाग किती, तर या सहा आंकड्यांपुरता!

बाकीचा अर्ज कोण भरतो? बाजारपेठेंत 'ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी लावून बसलेला दुकानदार. त्याची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. कोणत्या दाखल्याची मुदत केव्हां संपते, हें तो आम्हां प्राध्यापकांहून अधिक जाणतो, आणि गर्दीच्या दिवसांत रात्रीं उशिरांपर्यंत दुकान उघडें ठेवतो. पण पसंतीचा क्रम हा त्याच्या धंद्याचा विषय नव्हे. रांगेंत तीस मुलें उभीं असतांना तो मागच्या मुलाची यादीच पुढच्याला लावून देतो. प्रवेशाच्या टेबलावर बसलेल्या माझ्यासारख्या माणसानें "हा विषय कां घेतलास?" असें विचारलें तर "दुकानांत टाकून दिला" असें उत्तर मिळतें, आणि तें उत्तर देणाऱ्या मुलाला त्यांत कांहीं विपरीत वाटत नाहीं, हें अधिक वाईट.

नागर वाचकांनीं येथें सुस्कारा टाकून "बिचारीं खेड्यांतलीं मुलें!" असें म्हणण्याची घाई करूं नये. पुण्यामुंबईच्या सुखवस्तु घरांत याहून निराळें काय घडतें? तेथें दुकानदाराच्या जागीं समुपदेशक असतो आणि त्याची फी शेकड्यांत नसून हजारांत असते. वडिलांनीं गेल्या तीन वर्षांचे कटऑफ गुणांचे तक्ते केलेले असतात, आईनें चार मैत्रिणींचीं मतें गोळा केलेलीं असतात. परवलीचा शब्दसुद्धां वडिलांनाच माहीत असतो. मुलाला विचारतात तें इतकेंच, कीं "ठीक आहे ना?" आणि ज्याच्या खाण्याजेवण्याच्या आवडीनिवडी अठरा वर्षें जपल्या, तो मुलगा या एका बाबतींत मान डोलावून मोकळा होतो. धर्मापुरीच्या मुलाजवळ बाप नव्हता म्हणून त्याचा अर्ज परक्यानें भरला. पुण्याच्या मुलाजवळ बाप होता, तरी अर्ज त्याचा झाला नाहीं.

अर्ज दुसऱ्यानें भरला काय आणि आपण भरला काय, जागा मिळाल्याशीं कारण, असें म्हणणारे व्यवहारी लोक पुष्कळ आहेत. त्यांनीं लातूरच्या भाड्याच्या खोल्यांतून एक फेरी मारावी. 'लातूर पॅटर्न'नें मराठवाड्यांतील असंख्य सामान्य घरांतून डॉक्टर निर्माण केले, हें कोणीही मान्य करील. पण त्याच खोल्यांतून दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळीं 'नीट'ला बसणारीं मुलेंही राहतात. त्यांपैकीं कांहींची ती स्वतःची जिद्द असते. त्यांना माझा नमस्कार. पण कांहींच्या बाबतींत 'डॉक्टर' हा शब्द पहिल्या ओळींत बापानें लिहिलेला असतो, आणि तो खोडण्याचें धैर्य मुलाला होत नाहीं. कारण शेताचा तुकडा गहाण पडल्याचें त्याला कुणाकडून तरी कळलेलें असतें. बापानें तें स्वतः सांगितलें असतें तर दोघांना मिळून विचार करतां आला असता. न सांगितल्यामुळें तें मुलाच्या मनावर ओझें होऊन बसलें.

आपल्या इतिहासांत महाविद्यालयाच्या अर्जाचें एक प्रख्यात उदाहरण आहे, आणि तें या वादांत फार उपयोगी आहे. १८७८ सालीं गोपाळराव जोशी यांनीं कोल्हापूरहून वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून पत्नीच्या अमेरिकेंतील शिक्षणासाठीं साहाय्य मागितलें आणि स्वतःसाठीं काम मागितलें. त्या वेळीं आनंदीबाई तेरा वर्षांच्या होत्या. पत्रानें साहाय्य मिळालें नाहीं. पण तें तिकडील मिशनच्या मासिकांत छापलें गेलें, न्यू जर्सीमधील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनांत आलें, आणि एक स्नेहसंबंध जडला. पुढें १८८३ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मागण्याची वेळ आली, तेव्हां विनंतीचें पत्र लिहिलें तें आनंदीबाईंनीं. वय अठरा. आपलें शिक्षण अपुरें आहे हें त्यांनीं त्यांत लपविलें नाहीं. आणि पुरुष वैद्याकडून तपासून घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठीं हें शिक्षण हवें आहे, असें कारण दिलें. महाविद्यालयानें त्यांना घेतलें, आणि १८८६ सालीं त्या एम. डी. झाल्या.

गोपाळरावांच्या स्वभावांतील कठोरपणा सर्वविदित आहे. त्यांना आदर्श पालक म्हणून पुढें करण्याचा माझा विचार नाहीं. मुद्दा निराळा आहे. वडीलधाऱ्याच्या पत्रानें दाराशीं ओळख झाली, हें नाकारतां येत नाहीं. पण दारांतून आंत कां यावयाचें, तें कारण मात्र जिला आंत जावयाचें होतें तिलाच लिहितां आलें. गोपाळरावांनीं कितीही विद्वत्तापूर्ण भाषेंत लिहिलें असतें, तरी तें कारण त्यांना लिहितां आलें नसतें. कारण ज्या लज्जेमुळें स्त्रिया उपचारावांचून मरत होत्या ती लज्जा त्यांची नव्हती. पालकाचें काम कोठें संपतें आणि पाल्याचें कोठें सुरू होतें, याची इतकी स्वच्छ रेघ मला दुसरीकडे आढळलेली नाहीं.

दुसरें उदाहरण आगरकरांचें. शिक्षण पुरें होण्याच्या सुमारास त्यांनीं आईला लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. मुलगा मोठमोठ्या परीक्षा देत आहे, आतां घरीं पैसा येईल, अशी आशा धरूं नकोस. पोटापुरतें मिळवून उरलेलें आयुष्य मी लोकांसाठीं घालविणार आहें, असा त्याचा आशय. गरीब आईला असें लिहिणें सोपें नव्हतें. पण त्यांनीं तें वेळेवर लिहिलें. आजचा मुलगा वाङ्मयाची ओढ असतां विज्ञानाला होकार देतो, दोन वर्षें कुढतो, आणि मग गुणपत्रिकेनें आईबापांना कळवितो. संवादाचें कर्तव्य एकट्या बापाचें नाहीं. मुलानेंही आपलें मन वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत सांगितलें पाहिजे.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा, कीं निरक्षर आईबाप या इंग्रजी शब्दांनीं भरलेल्या अर्जापाशीं बसून करणार काय? हा आक्षेप घेणारे लोक पालकाचें काम म्हणजे संगणक चालविणें समजतात. जी गोष्ट कोणत्याही समुपदेशकाला ठाऊक नसते ती त्या निरक्षर बापालाच ठाऊक असते : यंदा उचल किती घेतली, त्यांतली किती फिटली, बहिणीचें लग्न केव्हां आहे, दरमहा खानावळीला किती पाठवितां येतील. सहाव्या ओळींतील महाविद्यालय पहिल्या ओळींत जावें कीं नाहीं, याचा निकाल पुष्कळदां याच आंकड्यांवर लागतो. रामजी सुभेदारांनीं मुलाच्या पुस्तकांसाठीं आपल्या लेकींचे दागिने मागून घेऊन गहाण टाकले, ही गोष्ट डॉ. आंबेडकरांनीं पुढें स्वतः सांगितली. ती मुलापासून लपलेली नव्हती, आणि तिनें तो मुलगा खचला नाहीं. पैशाचें सत्य प्रेमानें सांगितलें तर मुलें तें पेलतात. त्यांना सोसत नाहीं तें संशयाचें सावट.

दुसरा आक्षेप असा, कीं पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला काय कळतें? कमी कळतें, हें मान्य. पण म्हणून त्याच्या वतीनें ठरवून टाकलें, तर अठराव्या वर्षीं त्याला अधिक कळूं लागेल हें कशावरून? निवड करण्याची शक्ति ही मिशीसारखी वयाबरोबर आपोआप येत नाहीं. बापानें प्रश्न विचारावेत, उलटतपासणी करावी, आपलें मत असेल तें परखडपणें सांगावें. आणि शेवटीं लेखणी मुलाच्या हातीं द्यावी. मुलाची निवड कदाचित् चुकेल. पण स्वतःच्या चुकीनें घेतलेला विषय बदलावयाला माणूस धजतो. बापाच्या हट्टानें घेतलेला विषय तो नुसता रेटीत राहतो.

तिसरा आक्षेप नवमतवाद्यांचा : पालक जवळ बसले कीं दडपण येतें, म्हणून त्यांनीं दूर राहावें. हें मत ऐकावयास गोड आहे. परंतु ज्या घरांत फी बाप भरणार, जामीन बाप राहणार, आणि नापास झाल्यावर रात्रभर जागणार आई, त्या घरांत ते दूर राहिले असें म्हणणें हा निव्वळ देखावा होय. बापाचें मत न उच्चारल्यानें नाहींसें होत नाहीं. मुलगा तें त्याच्या चेहऱ्यावरून वाचतो, आणि बहुधा चुकीचें वाचतो. उच्चारलेल्या मताला उत्तर देतां येतें. न उच्चारलेल्या मताला मुलानें उत्तर कसें द्यावें?

या प्रश्नाचें सर्वांत कठोर रूप मुलींच्या अर्जांत दिसतें. मुलीच्या अर्जांतील पहिली ओळ पुष्कळदां एस. टी. च्या वेळापत्रकानें ठरते. सकाळीं निघून दिवेलागणीच्या आंत घरीं परततां येईल तें महाविद्यालय 'चांगलें'. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानें, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झालें. पण शुल्क माफ झाल्यानें भीति माफ होत नाहीं. आईबाप कारखान्यावर असतांना मुलगी परगांवीं कुणाच्या भरंवशावर ठेवावी, हा त्यांचा प्रश्न खोटा नाहीं, आणि त्याची टर उडविणाऱ्या शहरी सुधारकांना मी दाद देत नाहीं. मात्र तो प्रश्न मुलीसमोर मांडला पाहिजे. ती वसतिगृहाची चौकशी करील, अगोदर गेलेल्या मुलींना विचारील, बापाला एकदां तेथें नेऊन दाखवील. असल्या भीतीवर उपाय असतात. परंतु तीच भीति "तुला हाच विषय बरा" अशा शब्दांत गुंडाळून दिली, तर मुलीला आपली बुद्धीच कमी पडली असें आयुष्यभर वाटत राहतें. तो अन्याय बापाच्या हातून प्रेमापोटीं घडतो, म्हणून तो लहान ठरत नाहीं.

शेवटीं आम्हां शिक्षकांच्या वांट्याचें बोललें पाहिजे. मराठवाड्यांत ही बैठक घराघरांत रुजली नाहीं, याला इतिहासाचें कारण आहे. निजामी राजवटींत उच्च शिक्षण म्हणजे बहुतांशीं दूरचें हैदराबाद, आणि तेथील उस्मानिया विद्यापीठांत १९१८ पासून शिक्षणाचें माध्यम उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मराठवाडा मुक्त झाला. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, विद्यापीठ आलें तें १९५८ सालीं. पुण्याच्या घरांतून "पुढें काय शिकणार?" हा प्रश्न तीन-चार पिढ्या जेवणाच्या पाटावर विचारला जात आहे, धर्मापुरीच्या पुष्कळ घरांत तो या पिढींत प्रथमच विचारला जात आहे. ज्या घराला प्रश्नच नवा, त्याला एकदम दहा ओळींचा अर्ज आणि मोजके दिवस देऊन आपण "भरा" म्हणतों, आणि वर "पालक उदासीन आहेत" असा शेरा मारतों!

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेनें निकालाच्या आधीं, चैत्रांत टोळ्या परतल्यावर, संध्याकाळीं पालक व विद्यार्थी यांना एकत्र बोलवावें आणि अर्जाचे नियम स्वच्छ मराठींत समजावून सांगावेत. प्रवेशपरीक्षांची नोंदणी थंडींत होते, तर त्यासंबंधींची बैठक कोयते निघण्यापूर्वीं, भाद्रपदांत घ्यावी; दाखल्यांचीं कामें त्याच वेळीं सुरू करावींत. महाविद्यालयांनीं रंगीत माहितीपत्रकें छापण्याऐवजीं फी, वसतिगृह आणि खानावळ मिळून वर्षाचा खरा खर्च एका पानावर छापावा. हें करावयाला नवा कायदा लागत नाहीं, आयोग नेमावा लागत नाहीं. शिक्षकांनीं वर्षांतल्या दोन संध्याकाळी खर्चाव्या लागतात. ज्यांना त्या दोन संध्याकाळी जड वाटतात त्यांनीं विद्यार्थ्यांच्या गळतीवर व्याख्यानें देऊं नयेत.

आणि घरोघरच्या पालकांना इतकेंच सांगणें आहे : संगणक उघडण्यापूर्वीं एक कोरा कागद घ्या. त्याच्या एका बाजूला वर्षाला किती खर्च झेपेल तो आंकडा तुम्ही लिहा, खरा लिहा. दुसऱ्या बाजूला काय शिकावयाचें आहे आणि कां, हें मुलाला लिहूं द्या. मग दोन्ही बाजू एकमेकांना मोठ्यानें वाचून दाखवा. दोहोंचा मेळ बसला नाहीं तर त्या रात्रीं घरांत भांडण होईल. होऊं द्यावें. प्रवेशापूर्वीं झालेलें भांडण एका रात्रींत मिटतें. प्रवेशानंतरचें अबोलेपण मिटावयाला पुष्कळ वर्षें लागतात.